उघडलेली बाटली फ्रिजमध्ये की फळीवर? सॉस, लोणची आणि चटण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉसची बाटली, मेयोनीजचे पाऊच, शेजवान चटणी हे सगळे आता गावातल्या किराणा दुकानातही मिळते. फ्रिजही बऱ्याच घरी आला आहे, लाईन मात्र तिच्या मर्जीने येते-जाते. त्यामुळे गल्ल्यावर बसले की एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी ऐकू येतो: हे फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे लागते का? घरच्या बरण्यांबद्दलही इथे लिहिले आहे, कारण गडबड विकतच्या मालापेक्षा तिथेच जास्त होते.

दुकानात तर बाटली फळीवरच असते जी. घरी नेल्यावर तिला फ्रिज कशाला?

दुकानातली बाटली सीलबंद असते. सॉससारखा माल कारखान्यात बहुधा गरम असतानाच भरतात आणि झाकण हवाबंद बसवतात. आपण झाकण फिरवले की हवा आत जाते, चमचा जातो, पोराने चाटलेले बोटही जाते. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख न उघडलेल्या बाटलीची असते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. डिसेंबरची तारीख आहे म्हणून मार्चमध्ये फोडलेले मेयोनीज डिसेंबरपर्यंत चालत नाही. उघडल्यानंतर किती दिवस आणि कुठे ठेवायचे, ते बहुतेक लेबलांवर बारीक अक्षरात, पोषणमूल्यांच्या तक्त्याच्या आसपास कुठेतरी असते. चष्मा लावून ते शोधा आणि उघडल्याची तारीख पेनने झाकणावर टाका.

कशाला फ्रिज लागतो आणि कशाला नाही, हे ओळखायचे कसे?

उभ्या पिकाला जशी जागली (रात्रीची राखण) लागते, तशी पदार्थालाही लागते. ती करणारे चौघे आहेत: मीठ, आंबटपणा, साखर आणि कोरडेपणा. मीठ आणि साखर पदार्थातले पाणी बांधून ठेवतात, मग जंतूंना ते वापरता येत नाही. कोरड्या चटणीत मुळात पाणीच नसते. आंबटपणा पीएच या आकड्यात मोजतात, आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो, टमाटर सॉस चारच्या जवळपास. ४.६ ही लक्षात ठेवायची रेषा. तिच्याखाली बोट्युलिझम (जंतूच्या विषाने अंग लुळे पाडणारा जीवघेणा आजार) करणारा जंतू वाढत नाही, आणि या सगळ्या भानगडीत सर्वात जास्त भिण्यासारखा तोच आहे.

या चौघांपैकी एक तरी भरपूर असेल तर पदार्थ बाहेर राहू शकतो. चौघेही जेमतेम असतील तर फ्रिज. ओली हिरवी चटणी चाखून पाहा: मीठ चवीपुरते, आंबट थोडे, साखर चिमूटभर आणि पाणी भरपूर. ती बाहेर टिकणार नाही हे चवीवरूनच कळते.

बुरशीचा हिशेब थोडा वेगळा. आंबट आणि गोड पदार्थावरही ती येते, कारण तिला हवा आणि वरवरची ओल एवढेच पुरते. या यादीत तेल नाही, ते मुद्दामच गाळले आहे. त्याबद्दल पुढे आहेच.

टमाटर सॉस बाहेर ठेवला तर विषबाधा होते का?

विकतच्या सॉसने तशी शक्यता फारच कमी. त्यात व्हिनेगर, साखर, मीठ असते आणि बहुतेकांत सोडियम बेंझोएटसारखा परिरक्षकही (माल टिकवणारे रसायन) असतो (लेबलवर आयएनएस २११ असे छापतात). हॉटेलच्या टेबलावर दिवसभर बाटली उभी असते ती याच जोरावर. तिथे मात्र बाटली दोन-तीन दिवसांत संपते. घरी तीच दोन महिने रेंगाळते, आणि मग रंग काळपट होतो, पाणी वर सुटते, बुचाच्या कडेला बुरशी धरते. फ्रिजमध्ये सॉस काही महिने चांगला राहतो. बाहेर ठेवायचा तर महिन्याच्या आत संपवा, आणि एप्रिल-मे असेल तर तेवढाही भरवसा धरू नका.

बुचाला वाळून चिकटलेला सॉस स्वच्छ फडक्याने पुसून मगच झाकण लावा. बुरशी बहुतेक तिथूनच सुरू होते.

लेबलवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ लिहिले आहे. आमच्याकडे थंड जागा कोणती?

रास्त प्रश्न आहे. लेबल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पंचवीस-तीस अंशांची खोली असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता. टिनाच्या छताखालच्या, चूल पेटलेल्या सयपाकघरात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. तापमान दहा अंशांनी वाढले की रंग-चव बिघडवणाऱ्या प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून लेबलवर ‘बाहेर चालेल’ असले तरी नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ते आपल्याला लागू नाही, असे मी सांगेन. थंड जागा म्हणजे मातीच्या भिंतीचा उत्तरेकडचा कोपरा, कोठीची खोली, जमिनीलगतचा कोनाडा. गॅसच्या वरची फळी आणि फ्रिजच्या डोक्यावरची जागा या दोन्ही सर्वात वाईट, आणि सगळ्या बाटल्या नेमक्या तिथेच मांडलेल्या दिसतात.

मेयोनीजचे काय?

उघडले की फ्रिज. यात सवलत नाही. विकतचे मेयोनीज, अंड्याचे असो की बिनअंड्याचे, व्हिनेगरमुळे आंबट असते आणि एकट्याने तितकेसे धोक्याचे नसते. पण त्यात कोबी, काकडी, उकडलेला आलू मिसळला की आंबटपणा पातळ होतो आणि त्या मिश्रणात जंतूंचे चांगले फावते. सँडविचसाठी कालवलेले असे मिश्रण उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका.

कच्च्या अंड्याचे घरी किंवा गाडीवर घोटलेले मेयोनीज हा प्रकार निराळा. त्यात साल्मोनेला जंतूची भीती असते. शेजारच्या तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ पासून कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, तमिळनाडूनेही एप्रिल २०२५ मध्ये तसेच केले. आठवडी बाजारातल्या गाडीवर उन्हात उघड्या डब्यात ठेवलेले मेयोनीज दिसले तर मोमोज नुसते खा.

फ्रिजमध्येही दारातल्या कप्प्यात ठेवू नका. दार उघडझाप होताना गरम वारा आधी तिथेच लागतो. दारात सॉस, सोया, जॅम, आणि मेयोनीज आतल्या बाजूला.

सोया सॉस, व्हिनेगर, चिली सॉस?

व्हिनेगर बाहेर, बिनधास्त. सोया सॉस खारट असतो, बाहेर नासत नाही, फ्रिजमध्ये चव जास्त दिवस टिकते इतकेच. (सोयाबीन आपल्या वावरातले, सॉसची बाटली मात्र शहरातून येते.) चिली सॉस टमाटर सॉससारखाच. शेजवान चटणीत आले-लसूण आणि तेल जास्त असते, लेबलवर फ्रिज लिहिलेलेच असते, ते पाळा.

ठेचा किती दिवस चालतो? आमची आजी तर आठ दिवस ठेवत असे.

हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजून, जाडे मीठ घालून, वाटीच्या बुडाने तव्यातच रगडलेला ठेचा हा ओला पदार्थ आहे. आंबट त्यात नसते, मीठ चवीपुरते असते. बाहेर तो त्याच दिवशी संपवावा, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. लिंबू पिळले तर चव खुलते, पण पीएच ४.६ च्या खाली गेला की नाही हे घरी मोजता येत नाही, म्हणून लिंबाच्या भरवशावर दिवस वाढवू नका. आजीच्या काळी मीठही दणकून पडत असे आणि ठेचा बहुधा उरतही नसे.

खरी काळजी आहे ती तेलात बुडवून ठेवलेल्या लसणाची. बोट्युलिझमच्या जंतूची बीजे मातीत असतात आणि लसूण मातीतच वाढतो. परतल्याने, भाजल्याने ही बीजे मरत नाहीत. वरून तेल ओतले की हवा बंद होते, आणि या जंतूला हवा नसलेलीच जागा हवी असते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात १९८५ साली एका हॉटेलात तेलातला बारीक लसूण वापरात होता. फ्रिजमध्ये ठेवायची ती बरणी बाहेर ठेवली गेली होती. ३६ जणांना बोट्युलिझम झाला. १९८९ मध्ये पुन्हा तसेच घडल्यावर अमेरिकेत अशा लसणात आम्ल घालणे सक्तीचे झाले. या विषाला वास नसतो, चव नसते, बुडबुडे येतीलच असेही नाही. तेव्हा ‘वास तर चांगला आहे’ हा निकष इथे कामाचा नाही. ओला लसूण तेलात घालून ठेवायचा असेल तर फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांच्या आत संपवायचा.

सुक्या खोबऱ्याची, लाल तिखटाची कोरडी लसूण चटणी याच्यात येत नाही. लसूण नीट कोरडा परतलेला असेल, हाताला ओल लागत नसेल तर ती बाहेर घट्ट डब्यात चांगली राहते.

वरून तेलाचा थर दिला की काहीच बिघडत नाही, हे खरे ना?

अर्धे खरे. तेलाने हवा अडते, म्हणून बुरशी येत नाही. पण तेल जंतू मारत नाही, आणि बिनहवेचे जंतू तर त्याखाली मजेत राहतात. कैरीच्या लोणच्यात तेलाखाली मीठ आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात, म्हणून तिथे तेलाचा थर शोभतो. ठेच्यावर, आलेलसणाच्या वाटणावर, उकडलेल्या भाजीवर तेच तेल ओतून निर्धास्त होऊ नये.

कैरीचे लोणचे फ्रिजमध्ये ठेवावे का?

नीट घातलेले असेल तर गरज नाही. किलोभर फोडींना पाव किलोच्या आसपास मीठ, फोडी फडक्यावर पसरून कोरड्या केलेल्या, चिनी मातीची बरणी उन्हात तापवून हिंगाची धुरी दिलेली, फोडींच्या वर बोटभर तेल आणि तोंडाला दादरा (बांधायचे फडके). यात कुठेही फ्रिज नाही आणि लोणचे पुढच्या कैऱ्यांपर्यंत टिकते. मोठ्या बरणीतून आठवड्याचे लोणचे छोट्या बरणीत काढा आणि मोठी परत बांधून ठेवा. जेवताना रोज मोठ्या बरणीत चमचा घालणाऱ्या घराचे लोणचे पोळ्याच्या आत बिघडते. काढल्यावर उरलेल्या फोडी दाबून तेलाखाली घ्या. खारातून वर आलेली एक फोड पुरते, तिच्यावरच पहिला पांढरा ठिपका दिसतो.

आता बऱ्याच घरी बीपीमुळे मीठ निम्मे घालतात, तेलही कमी. ते जरूर करावे, पण मग ते जुन्या हिशेबाचे लोणचे राहत नाही. त्याला फ्रिज लागतो आणि थोडेथोडेच घालावे लागते. गाजर, फुलकोबी, ओल्या हळदीची लोणची मुळात आंबट नसतात, लिंबाचा रस सढळ नसेल तर तीही फ्रिजमध्ये. विकतच्या लोणच्यावर ‘कमी मीठ’ किंवा ‘परिरक्षक नाही’ असे मोठ्या अक्षरात असेल तर मागची बारीक अक्षरे जास्त काळजीने वाचा. लिंबाच्या खाराच्या लोणच्याला तेलही लागत नाही आणि फ्रिजही.

फ्रिजमधून काढलेल्या लोणच्यावर पांढरे कण दिसतात. बुरशी आहे का?

फल्लीतेल (शेंगदाण्याचे तेल) थंडीने गोठते, बहुधा तेच असते. चमचाभर लोणचे वाटीत काढून अर्धा तास बाहेर ठेवा. तेल असेल तर विरघळून पिवळे होईल. बुरशी विरघळत नाही, ती कापसासारखी फुगीर राहते आणि कुंद वास देते.

वरची बुरशी काढून उरलेले खाल्ले तर?

खाऊ नका. दिसते ते बुरशीचे डोके, तिचे धागे आत गेलेले असतात. जॅमलाही हेच लागू. शेंगदाण्याच्या चटणीला आणि लाल मिरचीला बुरशी धरली असेल तर अजिबात दयामाया नको. तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, ते यकृताला बाधते आणि फोडणीच्या किंवा भाजण्याच्या आचेने पुरते जात नाही. ‘ऊन दाखवले की जाते’ असे म्हणतात. उन्हाने ओल जाते, विष तिथेच राहते.

जवसाची चटणी खवट का होते? ती तर कोरडी असते.

तिचे दुखणे जंतू नाहीत, तेल आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते. आरोग्याला चांगले म्हणतात ते हेच, आणि हवेशी सर्वात लवकर बिघडते तेही हेच. अख्खे जवस वर्षभर डब्यात राहतात, कारण टरफल त्यांना सांभाळते. भाजून कुटले की तेल उघडे पडते, आणि उष्णता, उजेड, हवा तिघे मिळून ते खवट करतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतीच कुटा. जास्त कुटलीच असेल तर काचेच्या घट्ट बरणीत, वरपर्यंत भरून, फ्रिजमध्ये. जवसाच्या तेलाची उघडलेली बाटलीही फ्रिजमध्येच असावी.

फ्रिजमधली बरणी बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. बाहेरच्या दमट हवेतले पाणी थंड चटणीवर दवासारखे बसते आणि कोरडी चटणी ओली होते. बरणी झाकणासकट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. त्यापेक्षा सोपे म्हणजे चार दिवसांची चटणी वाटीत काढून बाहेर वापरणे. कराळ आणि तिळाच्या चटणीलाही हेच, फक्त त्या जवसाइतक्या हळव्या नाहीत.

सांभाराची (कोथिंबिरीची) हिरवी चटणी, खोबऱ्याची ओली चटणी?

त्याच दिवशी. फ्रिजमध्ये दोन दिवस फार झाले. ओले खोबरे घातलेली असेल तर उरलीसुरली रात्री टाकून द्या.

जॅम आणि मध?

जॅममध्ये साखर इतकी असते की तो सहजी नासत नाही. पण पोळीचा तुकडा बुडवला, ओला चमचा गेला की वर बुरशी येते, म्हणून फ्रिज बरा. कमी साखरेच्या जॅमला फ्रिज हवाच. तसे आपल्याकडे जॅम फ्रिजमध्ये जातो तो मुंग्यांच्या भीतीने, आणि तेही कारण खोटे नाही.

मध फ्रिजमध्ये ठेवू नका, घट्ट होतो. हिवाळ्यात बाहेरही कणीदार होतो, तो भेसळीचा पुरावा नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. मेळघाट-गडचिरोलीकडचा रानातला मध कधी कधी फसफसतो, कारण पोळे पुरते पिकायच्या आत काढलेले असते आणि त्यात पाणी जास्त राहते. चांगल्या मधात पाणी २० टक्क्यांच्या आत असावे लागते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बाळगुटीतही नाही. वर सांगितलेल्या बोट्युलिझमची बीजे मधात असू शकतात आणि तान्ह्या आतड्यांना ती आवरत नाहीत.

वर्षाचे लाल तिखट फ्रिजमध्ये ठेवावे का?

भिवापुरी मिरचीचे असो की दुसरे, रंग उडवतात ते उजेड, ऊन आणि ओल. स्टीलच्या घट्ट डब्यात हिंगाचे खडे टाकून अंधाऱ्या कोठीत ठेवले तर फ्रिजची गरज नाही. पावसाळ्यात रोज लागणारे तिखट मसाल्याच्या डब्यात आणि बाकीचे बंद, एवढे पाळले की झाले.

वादळात लाईन गेली ती सकाळी आली. फ्रिजमधले काय ठेवायचे, काय फेकायचे?

दार बंद ठेवले तर फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, मे महिन्यात त्याहून कमीच धरा. आतले तापमान पाच अंशांच्या आत असेल तरच त्याला फ्रिज म्हणायचे. रात्रभर लाईन नसेल तर मेयोनीज, ओल्या चटण्या, ठेचा, तेलातला लसूण आणि आलेलसणाचे घरचे वाटण टाका. सॉस, सोया, लोणची, जॅम यांना काही होत नाही.

उन्हाळ्यात व्होल्टेज इतके पडते की दिवा लागतो पण कॉम्प्रेसर चालत नाही. फ्रिज चालू दिसतो, आत मात्र कोमट. पाण्याचा ग्लास आत ठेवा आणि अधूनमधून बोट लावून पाहा.

आमच्याकडे फ्रिजच नाही. मग हे खायचेच नाही का?

खा, पण लहान पाकीट घ्या. सॉसच्या, मेयोनीजच्या एका वेळच्या पुड्या मिळतात. किलोचा पाऊच किलोमागे स्वस्त पडतो खरा, पण निम्मा फेकला तर महागच. मेयोनीजची मोठी बाटली मात्र बिनफ्रिजच्या घरी आणू नये.

माठ आणि ओल्या वाळूचा उपाय एप्रिल-मेमध्ये चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते. ओल्या वाळूत गंज (पातेले) ठेवून वरून ओले गोणपाट टाकले तर आतला माल बाहेरच्या चव्वेचाळीस अंशांत पंचविशी-तिशीत राहू शकतो. सॉस, जॅम, जवसाच्या चटणीला तेवढे पुरते. मेयोनीजला पुरत नाही. आणि मृग लागून हवा दमट झाली की हा उपाय जवळजवळ बंद पडतो.

बाटली उघडताना फुस्स आवाज आला, झाकण फुगले होते.

टाकून द्या. चाखून बघू नका. पाऊच फुगलेला असेल तर दुकानातूनच घेऊ नका, दुकानदाराने कितीही समजावले तरी.

वाढदिवसाला वाटीत काढलेला सॉस उरला. परत बाटलीत ओतला तर चालेल?

नाही. त्यात दहा जणांचे समोसे बुडालेले असतात. उरलेला वाटीसकट झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या भाजीत टाकून उकळा. मेयोनीज उरले असेल तर तेही करू नका, वाटी घासायला टाका.